आधी कुणी दाबलं

नदीकाठचा भुयारी रस्ता सरकारच्या मालकीचा आणि चालवायचा कंपनीने, असा करार होता. सरकारतर्फे तिथे सासरे बसायचे, कंपनीतर्फे जावई. एकाच कंट्रोल रूममध्ये, एकाच टेबलाशी, समोरासमोर. लग्न आधी झालं आणि करार नंतर, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

संकटातही भागीदारी तगून राहावी म्हणून सल्लागारांनी मोठी अक्कल लढवली होती. पाणी चढलं की दोन्ही तोंडांची फाटकं पाडायची, पण दोघांनी आपापलं बटण दाबलं तरच ती पडणार. जो आधी दाबेल त्याने रस्ता बंद पाडला अशी नोंद यंत्र करणार आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई त्याच्या बाजूच्या गळ्यात. यातून म्हणे एकमेकांवरचा विश्वास वाढतो. असल्या विश्वासाला जोड्याने मारावं.

यावर सासरे-जावयांनी तोडगा काढला होता. "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि एकदम दाबायचं. सरावाच्या दिवशी तीन म्हणताना सासरे बोट नुसतं टेकवायचे, आणि जावई त्या बोटावर डोळा ठेवून थांबायचा.

"काय जावईबापू, बोट आखडलं वाटतं?"

"तुमचं बघूनच शिकलो, साहेब."

मग दोघं हसायचे आणि चहा मागवायचे. शेवटी कंटाळून कुणीतरी आधी दाबायचा, कारण सरावाला भरपाई नव्हती. तपासायला आलेले लोक 'समन्वय उत्तम' असा शेरा मारून जायचे.

त्या दुपारी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. भुयाराच्या खोलगट भागात पाणी भरताना पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

"एक, दोन, तीन," सासरे म्हणाले. दोन्ही बटणं जागच्या जागी.

"साहेब, रस्ता तुमचा आहे."

"चालवता तुम्ही. चला, पुन्हा. एक, दोन, तीन."

पुन्हा तेच. सासऱ्यांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि जावयाची बढती, त्यामुळे बंदचा डाग कुणालाच नको होता. खाली गाड्या पाणी उडवत कशाबशा पार होत होत्या.

तेवढ्यात उतारावर एक छोटी हिरवी गाडी दिसली. तो रंग सासऱ्यांनी पसंत केलेला, आणि त्यावरून जावई अजून टोमणे मारायचा.

"छकुली!" सासरे ओरडले. "दाबा, जावईबापू!"

"मुलगी तुमची आहे, तुम्ही दाबा!"

"अहो, बायको तुमची आहे!"

हे असंच बोलले दोघं, मी पदरचं काही घालत नाही. दोघांचाही तिच्यावर जीव होता. आणि दोघांनाही खात्री होती, की समोरच्याचा इतका जीव आहे म्हटल्यावर तोच आधी दाबणार.

फाटकं पडली, पण तोवर ती आत गेली होती. खोलगट भागात गाडी बंद पडली. सासऱ्यांचा फोन वाजला.

"बाबा, दार उघडत नाहीये. पाणी आत येतंय. तुम्ही दोघं वरच आहात ना?"

"आहोत, बाळा."

"मग हरकत नाही," ती म्हणाली. हे म्हणताना तिला खरंच धीर आला होता.

चौकशी रीतसर झाली. यंत्राच्या नोंदीप्रमाणे दोन्ही बटणं अगदी एकाच क्षणी दाबली गेली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणजे आधी कुणीच दाबलं नव्हतं, दोष कुणाचाच नव्हता आणि भरपाईही कुणावर बसत नव्हती. सल्लागार इतके खूश झाले, की पुढच्या करारासाठी त्यांनी हीच भागीदारी नमुना म्हणून घेतली. सासरे सन्मानाने निवृत्त झाले. जावयाला बढती मिळाली.

बढतीनंतर जावई पहिल्यांदा सासरी जेवायला आला. सासूबाईंनी दोघांना वाढलं आणि समोर बसल्या.

"मला एकच सांगा," त्या म्हणाल्या. "आधी कुणी दाबलं?"

"मी," दोघं एकदम म्हणाले.

सासूबाईंनी दोघांपुढची भरलेली ताटं उचलली आणि आत नेऊन ठेवली.