पावोनीची काळी रेघ

न्यूझीलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या दीनानाथकाकांच्या गॅरेजमध्ये त्या रविवारी गाड्यांऐवजी माणसं दाटली होती. दाराशी जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग, आत समोशांचा वास, आणि मधोमध खुर्चीत बसलेले सिन्योर ओरेस्ते पावोनी. पांढरी दाढी, लिननचा सूट, करंगळीत जाडजूड सोन्याची अंगठी. भगवी कफनी असती तर याच मंडळींनी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं असतं. सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आणि आयटीवाले, बुवाबाजीवर रोज व्हॉट्सॅपवर तोंडसुख घेणारे. पण हा बुवा युरोपियन होता आणि मंत्र म्हणण्याऐवजी इतिहास सांगत होता. मग काय विचारता!

"माझे आजोबा रोमचे सोनार, वडील सोनार," पावोनी सांगत होते. "लहानपणीच वडिलांनी मला एका प्राचीन थडग्यात उतरवलं. आत एक राणी होती. हाडांची माती झालेली, पण सोनं काल घडवल्यासारखं!" मग पावोनींनी देशोदेशीची नाणी, कर्णफुलं, कोरीव खडे कसे जमवले, म्युझियमवाले त्यांच्या कसे पाया पडले, आणि सगळ्यावर पाणी सोडून त्यांनी न्यूझीलंड कसं गाठलं, तेही सांगून झालं. राणीची अंगठी तेवढी त्यांनी जवळ ठेवली होती. दर रविवारी या चरित्रात एखादं थडगं वाढायचं, पण ते कुणी मनावर घेत नव्हतं.

"सोनं खोटं बोलत नाही," ते आवाज खाली आणून म्हणाले. "शरीरात विष असेल तिथे ते रडतं. आणि त्याचे अश्रू काळे असतात."

मागे हाताची घडी घालून उभा असलेला वेदांत हसू दाबत होता. बायको सलोनीच्या आग्रहाखातर तो आला होता. तेवढ्यात सलोनीनं त्यांच्या सहा वर्षांच्या ईशाला पुढे केलं. पोरगी थेट बीचवरून आली होती, टॉग्जवर, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांवर, टॉवेल गुंडाळून. पावोनींनी तिच्या हातावरून अंगठी हलकेच ओढली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत काळीकुट्ट रेघ उमटली.

वेदांतचं हसू कुठल्या कुठे गेलं.

पावोनींनी कापसावर 'राणीच्या थडग्याजवळच्या झाडाचं' ऑलिव्ह तेल घेतलं, हात पुसला आणि पुन्हा अंगठी ओढली. आता रेघ नाही. "आजचं विष निघालं," ते म्हणाले, "पण रोज नवं भरतंय. हिला काही औषध देता?"

"फिट्सचं," सलोनी पुटपुटली. "दीड वर्ष झालं."

"तेच ते," पावोनींनी मान हलवली. "राणीवर भरवसा असेल तर थांबवा."

गाडीत दोघांची जुंपली. "औषधानं ती दिवसभर पेंगते, तुला दिसत नाही का?" सलोनी म्हणाली. "आणि ती रेघ? ती तू डोळ्यांनी पाहिलीस ना? एवढा इंजिनिअर आहेस, मग सांग ती कशी आली!"

वेदांतला सांगता आलं नाही. तो नुसताच ओरडला, आणि ओरडणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

बुधवारी शाळेतून फोन आला. ईशाला वर्गातच फिट आली होती, लवकर थांबली नव्हती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "औषध चुकलं का?" सलोनी हळूच म्हणाली, "रविवारपासून दिलं नाही." वेदांतला तिचा एवढा राग आला की तो खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. आणि त्याहून जास्त राग त्याला स्वतःचा आला, कारण त्या रेघेला त्याच्याकडे अजूनही उत्तर नव्हतं.

ईशा घरी आली, औषध पुन्हा सुरू झालं. पण सलोनी बाटलीचं झाकण उघडताना दर वेळी थबकायची. दोन्ही बाजूंनी भीतीच होती.

शनिवारी सकाळी बाहेर निघताना वेदांतनं ईशाला सनस्क्रीन फासलं, तिच्या नाजूक त्वचेसाठी आणलेलं ते पांढरं, झिंकवालं. इथलं ऊन काही दयामाया करत नाही. तो बूट घालेपर्यंत ईशानं ओट्यावरची आईची सोन्याची बांगडी उचलली होती.

"लुक, मम्मी! आय कॅन मेक पॉइझन टू!"

तिच्या हातावर काळ्या रेघांचं मांजर उमटलं होतं.

वेदांतनं स्वतःच्या एका हाताला सनस्क्रीन लावलं, ते सुकू दिलं, दुसरा हात तसाच ठेवला. बांगडी ओढली. एकीकडे रेघ, दुसरीकडे काही नाही. मग स्वयंपाकाच्या तेलानं हात पुसून पुन्हा ओढली. रेघ गायब. सलोनी बघत होती. तिनं बांगडी त्याच्या हातातून घेतली आणि सगळं स्वतः पुन्हा करून पाहिलं.

रविवारी गॅरेजमध्ये बोलली तीही सलोनीच. तिच्या हातात सनस्क्रीनची ट्यूब आणि बांगडी होती. "त्या रविवारी ईशा हेच क्रीम लावून बीचवरून आली होती. यातल्या झिंकचे कण बारीक असतात, पण कडक. पॉलिश पेपरसारखे ते सोनं खरवडतात. सोन्याचा इतका बारीक चुरा पिवळा नाही, काळा दिसतो. तेलानं क्रीम पुसलं की खरवडायला काही उरत नाही. विष नाही आणि राणीही नाही." तिनं दीनानाथकाकांच्या हातावर रेघ काढून दाखवली. मग म्हणाली, "माझी मुलगी वर्गात पडली हो."

"पण यांच्या अंगठीनं माझा दुखरा खांदा बरा झाला त्याचं काय?" काका चाचरत म्हणाले.

"काका, जो खांदा आपोआप बरा होणार होता, त्याचं श्रेय अंगठीला कशाला?" वेदांत म्हणाला. "आणि बरा झाला नसता तर तुम्ही इथे सांगितलं असतंत?"

सगळ्यांनी पावोनींकडे पाहिलं. ते शांतपणे अंगठी पुसत होते.

"थडगी खोटी," ते म्हणाले. "दुकान खरं होतं. बायका पावडर लावलेल्या मानेवर माझे हार घालायच्या, मान काळी झाली की परत यायच्या. म्हणायच्या, सोनं खोटं आहे. मी आयुष्यभर समजावलं की सोनं खरं आहे, पावडरीमुळे होतं. एकीनंही ऐकलं नाही. दुकान बुडालं. मग एकदा चिडून म्हणालो, तुमच्या अंगात विष आहे. त्या बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, आता काय करू?"

ज्याला कारण पक्कं ठाऊक होतं, तोच माणूस एका पोरीचं औषध बंद करायला सांगून समोसा खाऊन घरी गेला होता. त्याला माफी नाही. पण त्या बायकांचं आणि आपलंही काय? रेघ खरीच होती. डोळ्यांनी पाहिलेलं बहुधा खरंच असतं. खोटं असतं ते त्याचं सांगितलेलं कारण, आणि ते तपासायला तप लागत नाही, पदवी लागत नाही. एका हाताला लावून आणि एका हाताला न लावून बघावं लागतं, एवढंच. आणि लेकराचं औषध डॉक्टरांशिवाय कुणाच्याही शब्दावर थांबवू नका.