काजलला नसलेला आजार

मला सही करायची नव्हती आणि गिरिधर सरांना ती आजच्या आज हवी होती. भांडण एवढंच.

मी मधुवंती. मूळची काटोलची, त्यामुळे तोंडाने फटकळ. नागपुरात मी लहान मुलांच्या वर्तन-विकारांवर संशोधन करते, म्हणजे मारणारी, चावणारी, कुणाचंच न ऐकणारी पोरं तशी का वागतात ते शोधते. सर या कामाचे प्रमुख. शाळा आम्हाला वर्गात बसू देतात म्हणून आमचा अभ्यास चालतो. त्यातल्या सगळ्यात मोठ्या शाळेत तिसरीतल्या काजलने बाईंच्या हाताला कडकडून चावा घेतला. शाळेचं म्हणणं, हिला विकार आहे असं लिहून द्या, म्हणजे आम्ही हिला दुसरीकडे पाठवायला मोकळे. सर म्हणाले, देऊन टाक, एका पोरीपायी एवढी शाळा हातची घालवू नकोस.

वा रे वा! मूल घरच्यांत, खेळताना आणि वर्गात, असं तिन्हीकडे पाहिल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. हे मला शिकवलं कोणी? सरांनीच.

काजलची आई कामिनी सीताबर्डीला कपड्यांचा ठेला लावते. तिथे जाऊन बसले. पोरगी ओढण्यांच्या घड्या घालत होती. गिऱ्हाइकाने सगळा ढीग विस्कटला, तरी मुकाट्याने परत घड्या घालायला लागली. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या पोरांसोबत लंगडीत हरली, रुसली आणि पुन्हा खेळायला गेली. कुठे आहे तो विकार? उलट कामिनीच भेदरलेली होती. लेकीला शाळेतून काढणार, हे तिला कळून चुकलं होतं.

मग वर्गात बसले. काजल जिला चावली होती त्या उत्तराबाईंनी प्रश्न विचारला. काजलला उत्तर येत होतं, ती हात वर न करताच ओरडली. लगेच अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "काजलचा उधम घेऊन जा गे मारबत!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. रोगराई, महागाई, सगळी इडापिडा घेऊन जा म्हणत लोक तो पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात. लहानपणी मीही घसा फोडून ओरडले आहे. पण लेकराच्या नावाने? उत्तराबाई कौतुकाने सांगू लागल्या की पोळ्यापासून हा उपाय सुरू केला, छडी नाही की काही नाही, मुलंही खूश. बाई दुष्ट नव्हत्या हो. म्हणून तर जास्तच डोकं सटकलं.

मधल्या सुट्टीत काजलला जवळ घेऊन विचारलं, बाईले काहून चावली वं?

"बाई मले हात धरून वर्गाच्या बाहेर नेत होत्या," ती म्हणाली. "मारबतले बाहेर नेऊनच जाळते ना."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमलो. सर ऐसपैस बसले होते, कामिनीला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी सरळ सांगितलं की पोरगी जीव वाचवायला चावली. सुधारायचं असेल तर तो वर्ग सुधारा, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. उत्तराबाईंचा चेहरा पडला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग उद्यापासून तुम्ही या शाळेत पाऊल ठेवायचं नाही. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, तुझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. या कामापायी मी काय काय सोडलं ते माझं मला ठाऊक.

"जाऊ द्या पाण्यात," मी म्हणाले. "धडधाकट पोर आजारी ठरवून जो अभ्यास टिकतो, तो मी करणार नाही."

सर उठून खिडकीपाशी गेले. कामिनीला आमचं बोलणं अर्धंच समजलं असावं.

"म्हणजे माह्या पोरीले काही झालं नाही ना, मॅडम?"

"काही नाही. तसं लिहून देते."

तिने समोरची खुर्ची ओढली आणि मुख्याध्यापिकांच्या पुढ्यात बसली. "मंग उद्या येते ती शाळेत," ती म्हणाली.

सकाळी मी मुद्दाम दोघींसोबत फाटकापर्यंत गेले. चौकीदाराने मला अडवलं, बिचाऱ्याला तसा हुकूम होता. काजलला अडवायचा हुकूम त्याला कुणी देऊ शकलं नव्हतं. ती आत गेली.