चुंबकाचा ठोकळा

हिंदुरावांनी व्हर्नियर उघडून नळीकडे हात नेला, तशी विजयश्रीने ती झटकन मागे ओढली.

"हात नका लावू, बाबा. किती वेळा सांगायचं? आपल्या बोटांवर जे असतं, ते आरएनए खाऊन टाकतं."

"बरं बाई. तूच धर. मी माप घेतो."

करंगळीच्या पेराएवढी ती नळी रिकामी होती, टाकूनच द्यायची होती. आणि विजयश्रीने ती धरली होती तीही उघड्या बोटांनीच.

हिंदुराव चाकणच्या कंपनीत टूलरूमला होते. प्रयोगशाळेतला चुंबकाचा स्टँड मोडलाय, नवा यायला दोन महिने लागतील, असं ती जेवताना सहज बोलून गेली होती. तेव्हापासून ते तसा स्टँड स्वतः बनवायच्या मागे होते.

"पण त्याचं काम काय?"

"प्रोटीन बारीक चुंबकी मण्यांना चिकटवायचं. त्यात आरएनएचे असंख्य वेगवेगळे तुकडे सोडायचे. प्रोटीन ज्यांना ओळखतं, त्यांना धरून ठेवतं. चुंबक मणी बाजूला ओढतो, उरलेलं धुऊन टाकायचं. धरलेल्यांच्या प्रती वाढवून पुन्हा तेच. आठ-दहा वेळा."

"इतकं धुऊनही सोडत नाही?"

"ओळखीचं असेल तर नाही."

"मग आमचा माप तपासायचा गेजच की. बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट."

"तसं नसतं हो," ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली.

"असू दे. उद्या फायनल होतंय बघ."

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर हिंदुरावांनी कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं. मोशीचा थांबा आला, तेव्हा ते उठले नाहीत.

तेराव्याला टूलरूममधला सुजित त्यांच्या लॉकरमधलं सामान घेऊन आला. डबा, चष्मा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला एक ठोकळा.

"आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत यावरच बसायचे," तो म्हणाला. "आम्ही चिडवायचो, हिंदुराव, ऑपरेशन करताय का राव?"

विजयश्रीने पिशवी प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली, पण उघडली नाही. आतल्या धातूवर बाबांच्या बोटांचे ठसे असणार. आणि टेबलावर येणारी प्रत्येक वस्तू आधी औषधाने पुसायची, हा तिथला नियम होता.

दीड महिना गेला. नव्या स्टँडचा पत्ता नव्हता. शेवटी सर म्हणाले, "विजयश्री, काम अडलंय."

तिने पिशवी सोडली. ठोकळा दिव्याखाली तिरका धरला, मग दुसऱ्या बाजूने. लखलखीत ॲल्युमिनियम, एका ओळीत आठ भोकं, मागे चपखल बसवलेले चुंबक. ठसा एकही नव्हता.

पिशवीच्या तळाशी मेडिकलच्या दुकानात मिळतात तसे पातळ हातमोजे होते. बोटांच्या टोकांना धातूचा भुगा चिकटला होता.

ठोकळा न पुसताच तिने नळ्या बसवल्या. सगळ्या बरोबर बसल्या. तपकिरी मणी हळूहळू चुंबकाच्या बाजूला सरकले, पाणी नितळ झालं. आता ते काढून घ्यायचं होतं. पिपेट तिच्या हातातच राहिलं.

"हात लावला असता तरी चाललं असतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "आम्ही सगळं पुसूनच घेतो."