वजन घटल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

सोमवारी सकाळी पार्सल ऑफिसात पहिलं वजन पार्सलाचं होत नसे, माणसांचं होई. शटर वर गेलं, झाडू फिरला, की साहेब टोकन पुकारायचा माईक हातात घेत आणि सगळा स्टाफ चपला काढून रांगेत उभा राही. लोखंडी काटा जमिनीतच बसवलेला होता. एरवी त्यावर शिलाई मशिनं, सायकली आणि पंख्यांचे खोके चढत. वजन घटवण्याची स्पर्धा साहेबांनी कुठल्याशा सेमिनारातून आणली होती. सेमिनारातून लोक सर्दी घेऊन येतात, साहेब स्पर्धा घेऊन आले. ज्याचं वजन सर्वात जास्त उतरेल त्याला पहिलं बक्षीस: मोठ्या हॉटेलात दोघांसाठी पोटभर जेवण. यातला विनोद साहेबांच्या लक्षात आला नव्हता, आणि साहेबांच्या लक्षात न आलेल्या विनोदावर हसायची ऑफिसात पद्धत नव्हती.

बुकिंगच्या खिडकीवर बसणारी बाई रांगेत शेवटी उभी राही. माहेरी तिला ढब्बू म्हणत. नाव खुद्द आईनंच ठेवलं होतं, आणि प्रेमानं. रागानं ठेवलेलं नाव निदान भांडून बदलून घेता येतं. प्रेमानं ठेवलेल्या नावाची तक्रार कुणाकडे करायची? लग्नानंतर ते सासरी पोचलं, सासरहून शेजारी, आणि कधीतरी कुणाच्या तरी ओळखीनं ऑफिसातही रुजू झालं.

पहिल्या सोमवारी ती काट्यावर चढली तेव्हा हमालांतला एक जण ओरडला, "साहेब, हिला लेबल कुठलं लावू? नाजूक का अवजड?"

"अवजडच लाव रे बाबा," ती म्हणाली, "आणि दोन माणसं बोलाव उतरवायला." आणि सगळ्यांच्या आधी हसली. ती नेहमीच सगळ्यांच्या आधी हसायची. लोक हसणारच आहेत, तर सुरुवात आपण केलेली बरी, असा तिचा हिशेब होता. साहेबांनी आकडा माईकवरून वाचून दाखवला. बाहेर पार्सल घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही तो कळला.

दुपारी डबे उघडले की तीन-चार माना तिच्या डब्याकडे वळत. आत उकडलेल्या भाज्या असल्या तर, "आज काय, शिक्षा झालीय का?" आणि केकचा तुकडा असला तर नुसतंच, "अगं बाई!" त्या "अगं बाई"त सगळं यायचं. म्हणून ती सगळ्यांसमोर अर्धा डबा खायची आणि उरलेला मागच्या गोदामात, खोक्यांच्या आड, उभ्या उभ्या. चोरून खाणारा माणूस चावत नाही, गिळतो. पोट भरलंय हे पोटाला कळायच्या आत डबा रिकामा होतो, आणि मग बिस्किटांचा पुडा फुटतो. ढब्बूचं वजन वाढवण्यात तिच्या जिभेइतकाच त्या तीन-चार मानांचाही वाटा होता; पण तो वाटा काट्यावर कधी चढला नाही.

तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा. चौकात त्याची टपरी होती. एकदा तिच्या सासूबाई त्याला म्हणाल्या, "अरे, सगळ्या जगाला कुलपं लावत फिरतोस, आपल्या खायच्या कपाटाला नको का एक?" त्यानं बसवलं. चांगलं, पितळी. किल्ली सासूबाईंच्या कमरेला गेली. बायकोला मदत होईल, असं त्याला मनापासून वाटलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही; असता, तर बरं झालं असतं, सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं.

त्यांना एक लेक होती. नुकतीच मोठ्या शाळेत जाऊ लागलेली, बांध्यानं थेट आईसारखी. कुलूप बसलं त्या दिवशी ती नुसतीच बघत राहिली. आपल्यालाही हे लागू आहे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

स्पर्धा सुरू झाली त्याच सुमारास ढब्बूच्या वरच्या पोटात दुखू लागलं. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला तपासलं, म्हणजे ती दारातून आत येत असताना तिच्याकडे बघितलं.

"वजन कमी करा," ते म्हणाले.

"डॉक्टर, पण इथे दुखतंय. जेवलं की जास्त."

"मग कमी जेवा. वजन उतरलं की दुखायचं आपोआप थांबेल."

याच डॉक्टरांकडे ती एकदा कानात किडा गेला म्हणून गेली होती, तेव्हाही त्यांनी वजन कमी करा असंच सांगितलं होतं. किडा त्याचा त्याचा बाहेर आला. त्यामुळे डॉक्टरांचा आपल्या उपचारावर विश्वास बसला असावा.

आणि मग वजन उतरू लागलं. तिनं काहीही न करता. भूक लागेनाशी झाली, घास पुढे सरकेना, कधी कधी खाल्लेलं उलटून पडे. पण ते घरी, मोरीत. ऑफिसात दिसायचा तो फक्त आकडा, आणि आकडा दर सोमवारी खाली यायचा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा थट्टेनं, मग खऱ्याखुऱ्या. लेबलाचा विनोद करणाऱ्या हमालानं तिच्यासाठी खुर्ची पुसून दिली. साहेब माईकवरून "मॅडम" म्हणाले. इतकी वर्षं त्याच खिडकीत बसून तिनं एकही पार्सल चुकीच्या गावी जाऊ दिलं नव्हतं, त्यानं ती मॅडम झाली नव्हती. आता जेवण पोटात ठरत नव्हतं, त्यानं झाली.

माहेरहून आई येऊन गेली. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून रडली, आनंदानं. "आता कशी माझी मुलगी दिसायला लागलीस!" म्हणजे आजवर ती कुणाची मुलगी दिसत होती, हे विचारायचं ढब्बूच्या ओठांवर आलं होतं, पण आई इतकी खूश तिनं कधी बघितली नव्हती.

शेजारीण तर जिन्यातच अडवून बसली. "सांग ना, काय खातेस?"

"काहीच जात नाही गं."

"ते कळलं. पण नेमकं काय जात नाही? भात?"

"अगं, भूकच लागत नाही मला."

"कसल्या गोळ्या घेतेस, सांगून टाक. मी कुणाला सांगणार नाही."

"देवाशपथ, काही घेत नाही."

शेजारणीला राग आला. इतक्या वर्षांच्या ओळखीत एवढी साधी गोष्ट लपवायची म्हणजे काय! त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं, आणि ढब्बूनं सोडलं असेल असं वाटणारं सगळं स्वतः सोडून दिलं. बिचारीचं वजन दोन किलोनं वाढलं.

ढब्बू पुन्हा डॉक्टरांकडे गेली. ती दारात दिसताच डॉक्टर खुर्चीतून उठले. "वा! काय करताय?"

"काही नाही, डॉक्टर. घास खाली जात नाही."

"उत्तम. असंच चालू ठेवा."

घरात खरी गोष्ट एकट्या लेकीला दिसत होती. मोरीचं दार लावून आई ओकायची तेव्हा लेक बाहेर उभी असायची. "आई, मी बाबांना सांगते."

"नको गं. एवढी स्पर्धा होऊ दे. मग जाऊ मोठ्या दवाखान्यात."

"पण तुला दुखतंय."

आई पाय पसरून भिंतीला टेकून बसली. तिच्या कपाळावर घाम होता. "माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या नव्हत्या वाजवल्या गं," ती म्हणाली. "तू लहान आहेस. तुला नाही कळायचं."

लेकीला चांगलंच कळलं. म्हणूनच तिनं तरीही बाबांना सांगितलं. बाबा किल्ली घासत होते. "होतं गं असं, खाणं कमी केलं की," ते म्हणाले. "आई जिद्दीची आहे आपली." आणि फुंकर मारून त्यांनी किल्लीवरचा कीस उडवला.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. दुसऱ्या नंबरावरचा माणूस तिच्या आसपासही नव्हता. साहेबांनी भाषण केलं. इच्छाशक्ती असली की माणूस काय करू शकतो याचं जिवंत उदाहरण आपल्यासमोर उभं आहे, असं ते म्हणाले. जिवंत उदाहरणानं पोटाशी हात धरला होता. फोटो काढताना कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हात काढा, बारीक पोट दिसू द्या."

हॉटेलात नवराबायको दोघंच गेली. पांढरी चादर घातलेलं टेबल, काचेचे उंच ग्लास. तिनं नव्या मापाचं झंपर शिवून घेतलं होतं, तेही आता खांद्यावरून उतरत होतं. वेटरनं खुर्ची मागे ओढून दिली. खुर्चीत मावेल का, अशी नजर त्यानं टाकली नाही. शेजारच्या टेबलावरून कुणी कोपरानं कुणाला डिवचलं नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बघा ना. आज कुणीच बघत नाहीये माझ्याकडे."

"मागव तुला हवं ते. आज हिशेब नाही."

तिनं मागवलं. सूप, लोणी लावलेला गरम पाव, मलईतलं चिकन, बटाट्याचे काप, शेवटी चॉकलेटचा केक. टेबल भरून गेलं. तिनं पावाचा तुकडा तोडला, तोंडात टाकला, चावला. सावकाश, कितीतरी वर्षांनी कुणाची चोरी नसल्यासारखा. मग तिचा चेहरा आक्रसला. तिनं पाणी प्यायलं. पुन्हा प्रयत्न केला. रुमाल तोंडाशी धरला.

"जात नाही हो," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसायचा प्रयत्न करत होती, सवयीप्रमाणे, सगळ्यांच्या आधी. "एवढं सगळं समोर आहे आणि कुणी बघत नाहीये... आणि जातच नाही."

तेव्हा नवऱ्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. गालांची हाडं, पिवळे पडलेले डोळे, मनगटावरून कोपरापर्यंत घसरलेली बांगडी. त्यानं तिला तसंच उठवलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. ताटं भरलेलीच राहिली.

पोटात गाठ होती. पसरली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवले. "वजन इतकं उतरलं," त्या म्हणाल्या, "दिसलं नाही का कुणाला? एवढे दिवस काय करत होतात तुम्ही लोक?"

नवऱ्यानं जरा विचार केला. खोटं बोलायचा त्याला कंटाळा होता.

"डॉक्टरबाई, आम्ही अभिनंदन करत होतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं कपाटाचं कुलूप काढलं. स्क्रू जाम झाले होते, त्यानं ते उपसून काढले, दाराला भोकं पडली. सासूबाईंनी बिस्किटं, दूध, साय, मध, सगळं पलंगाजवळ आणून मांडलं. "खा गं बाई, एक घास खा," म्हणत त्या चमचा हातात घेऊन बसत. ज्या हातांनी किल्ली जपली त्याच हातांनी. सून मान हलवायची. एकदा म्हणाली, "आई, तुम्ही खा. मला वासानंच पोट भरल्यासारखं वाटतं." सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि पदरात तोंड लपवलं.

ढब्बू गेली तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं आणि खाली कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. तिला उचलायला दोन माणसं लागली नाहीत.

लोक भेटायला आले. साहेब आले, शेजारीण आली. "गेली हो," बायका म्हणाल्या, "पण शेवटी काय सुरेख दिसत होती!" हे सांत्वन होतं. म्हणणाऱ्यांचे डोळेही ओले होते.

सगळं आटोपल्यावर मंडळी जेवायला बसली. मावशी, म्हणजे ढब्बूची धाकटी बहीण, वाढत होती. तिनं लेकीच्या ताटात भात वाढला, आणि वाढता वाढता थबकून त्यातला अर्धा परत पातेल्यात घेतला.

"तू जरा सांभाळून हं, राणी," ती मायेनं म्हणाली. "आईचं काय झालं, बघितलंस ना? वजनानं नेलं तिला."

दोघातिघांनी माना हलवल्या. लेकीनं ताटातला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

बाप पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"वजनानं?" त्यानं विचारलं. "शेवटी शेवटी तिला मी एका हातानं उचलून कुशीवर वळवत होतो, मेव्हणीबाई."

तो पंगतीकडे वळला.

"दुखतंय, दुखतंय म्हणत होती ती. आपण सगळे तिच्या ताटात बघत होतो. तोंडाकडे बघितलं नाही कुणी. या पोरीनं बघितलं, मला येऊन सांगितलं, आणि मी किल्ली घासत बसलो." त्याचा आवाज चिरका झाला, पण तो थांबला नाही. "आता या घरात ज्यानं त्यानं आपापल्या ताटात बघायचं. आई, तुलाही सांगतोय. साहेब, तुम्हालाही. ज्याला जमत नसेल त्यानं ताट घेऊन व्हरांड्यात बसावं. तिथे वारंही चांगलं आहे."

साहेबांनी मान खाली घातली. शेजारणीनं घातली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग त्यांनीही आपल्या ताटाकडे बघितलं. मावशीनं भाताचं पातेलं पोरीच्या शेजारी ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली. खोलीत नुसता भांड्यांचा आवाज राहिला.

बऱ्याच वेळानं लेकीनं हात ताटात घातला. ती रडत होती आणि जेवत होती. सावकाश, चावून. मग तिनं पातेलं पुढे ओढलं आणि स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.

किती घेतलं, ते इथे लिहिणार नाही.