नुसतं बघणारी माणसं

मुलानं उष्टी ताटं कोपरानं बाजूला सारली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सांडलेलं पाणी पुसायलाही तो थांबला नाही. सुनेनं फडका टाकून ते टिपून घेतलं आणि सफरचंदं चिरायला बसली.

"आई, बस इथं. गेलं वर्षभर मी कशात डोकं घालून बसलो होतो ते दाखवतो तुला."

आई बसली. भाड्याची घरं, खोल्या शोधून देणाऱ्या एका वेबसाइटच्या कचेरीत तो नोकरीला आहे, एवढं तिला ठाऊक होतं. या आठवड्यात बढती मिळाल्यापासून स्वारी जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

त्यानं हौसेनं समजावलं. माणसं साइटवर येतात, नाव न सांगता चार खोल्या बघतात, निघून जातात. त्यांना गेस्ट म्हणायचं. आजवर गेस्टनं काय पाहिलं ते बेवारशी पडून राहायचं. आता मात्र त्याच यंत्रावरून पुढं कधी कुणी नाव देऊन खातं उघडलं, की आधीचं सगळं हिंडणं ओढून आणून त्या नावाला चिकटवायचं. ही चिकटवाचिकटवी त्याच्या डोक्यातून निघाली होती, आणि वरचे साहेब जाम खूश होते.

"म्हणजे नाव सांगायच्या आधीचंही?"

"तेच तर. नाव सांगितलं की माणूस शहाण्यासारखा वागतो गं. खरा असतो तो त्याआधी."

परक्याच्या धुण्याच्या कपड्यांत हात घालून कुणी डाग हुंगावेत, तसं आईला वाटलं. आणि हुंगणारा पोटचा पोरगा.

लग्नाआधी ती एका कापडाच्या दुकानात कामाला उभी राहायची. नुसतं बघायला येणारी गिऱ्हाइकं चिक्कार. मालकीणबाई तोंडाच्या फाटक्या, पण एका बाबतीत त्यांचा दंडक होता: घेणाऱ्याला नाव विचारायचं, बघणाऱ्याला नाही. एक बाई अधूनमधून यायची, तान्ह्या बाळाच्या कपड्यांचं मऊ कापड मागायची, गालाला लावायची आणि न घेताच जायची. एकदा दुकानातल्या मुली खुदखुदल्या, तेव्हा मालकीणबाईंनी त्यांना असं काही झाडलं की पुन्हा कुणाची टाप झाली नाही. घडी घाल आणि विसर, एवढंच मालकीणबाई आईला म्हणाल्या होत्या. आईनं घडी घातली. विसरणं जमलं नाही, पण त्या बाईबद्दल तिनं आजवर कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

"थांब, आपल्या घरचंच दाखवतो."

सुनेनं गेल्या महिन्यात भावासाठी खोली शोधायला घरातल्या टॅबवरून खातं उघडलं होतं. मुलानं तिचं नाव टाकलं.

"माझं कशाला?" सून म्हणाली. "विचारलंस तरी का मला?"

"अगं, घरचंच तर आहे. चोरी करून येतेस की काय तिथं?"

पडद्यावर सुनेचं नाव आलं आणि त्याखाली एकेक ओळ उतरू लागली. मुलगा मोठ्यानं वाचू लागला. "ज्येष्ठांसाठी निवास. एकट्या स्त्रीसाठी खोली. कायमचं राहण्यासाठी..." मग त्याचा आवाज गेला. पुढचं तो मनातल्या मनात वाचत राहिला. आईनं मांडीवर हात घट्ट धरले.

"आईला घालवायचंय तुला?" त्यानं बायकोला विचारलं. ओरडला असता तर बरं, असा तो आवाज होता.

सुरी सफरचंदात अर्ध्यावर अडकली. "मी नाही पाहिलं हे."

"तुझ्या नावावर आहे."

"असेल. मी नाही पाहिलं."

"मी पाहिलं ते," आई म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही. "तू हिला पाठीशी घालू नकोस, आई. तुला कळणार नाही. हे यंत्र आहे, ते कुणाच्या भिडेखातर बोलत नाही."

आईनं एकवार सुनेकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पिवळ्या भिंतींची खोली आहे," आई म्हणाली. "खिडकीला जाळी नाही. शेवटच्या फोटोत पलंगावर मांजर झोपलंय. पुढं सरकव."

त्यानं ती ओळ उघडून फोटो पुढं सरकवले. मांजर होतं.

आई वाट पाहत राहिली. आता तो विचारील, का गं? त्याचं उत्तर तिनं मनात कितीदा तरी घोळवून ठेवलं होतं. या घरात तिला कुणी अवाक्षरानं दुखवलं नव्हतं. पण तिनं काही सांगायला घेतलं, की मुलगा फोनमध्ये बघत हं हं करायचा, आणि तिचं वाक्य भाजीच्या देठासारखं ताटाच्या कडेला पडून राहायचं. हे ती न रडता सांगणार होती.

मुलाचा चेहरा उजळला.

"अरे! टॅब एक आणि माणसं दोन. हे आम्ही धरलंच नव्हतं. बरं झालं, बाहेरच्या कुणाच्या नजरेत यायच्या आधी घरातच सापडलं." त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. "आई, तू दुपारचाच वापरतेस ना टॅब? मग वेळेवरून तुला हिच्यापासून वेगळी काढता येईल."

बायकोची माफी मागायचं त्याच्या ध्यानीही आलं नाही. खाली झुकलेली त्याची मान आईसमोर होती. लहानपणी किती वेळा तिनं ती साबण लावून घासली होती. आता तिला त्या मानेची किळस आली. आणि ही किळस आपल्याच लेकराची होती. तोंडात माशी गेल्यासारखी ती ओठ मिटून बसली.

"सांग ना, आई. दुपारीच ना?"

तो टाइप करत राहिला.

सुनेनं सुरी पुसून ठेवली. खुर्ची सरकवून ती सासूच्या अगदी जवळ येऊन बसली. बराच वेळ ती पडद्यावरच्या त्या खोलीकडं बघत होती.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तिथं दुसरा पलंग मावतो का हो?"

आईनं मुलाकडं पाहिलं. त्याला ऐकू गेलं नव्हतं.

"मावेल," ती म्हणाली.