रबराच्या पायाला बूट

मित्रांनो, मी पाय आहे, पण आईच्या पोटातून आलेलो नाही. सुरतेच्या एका केंद्रात प्लास्टिक तापवून मला घडवलं, खाली रबराचा पंजा बसवला आणि तिथल्याच नवागाम वस्तीतल्या भिकनला डाव्या गुडघ्याखाली चढवलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. पायाला डोकं नसतं, ठाऊक आहे मला. तरी फिरलं आहे.

माझ्या आधीचा हाडामांसाचा पाय कसा गेला, ते ऐका. भिकन मूळचा धुळ्याकडचा, सुरतेत लूमवर कापड विणणारा. साखरेचा आजार जुना, त्यामुळे तळवे बधिर. तरी चैत्रात नवस फेडायला सप्तशृंगीच्या गडाकडे अनवाणी निघाला. डांबराच्या चटक्याने फोड आला, त्याला कळलंच नाही. पाय सुजल्यावर अर्ध्या वाटेतून परतला, जखमेवर हळद-चुना थापला आणि कामाला गेला. बोटं काळी पडली. मग पाय कापण्यावाचून इलाज उरला नाही.

मला बसवताना केंद्रातल्या धर्मेंद्रभाईंनी बजावलं होतं, "काका, रोज पहेरजो. ने बीजा पगमां चंपल वगर एक डगलुंय नहीं." म्हणजे मला रोज घालायचं आणि दुसऱ्या पायात चपलेशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही.

भिकनने मान डोलवली आणि घरी येताच मला खिळ्याला टांगलं! दसऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि पुन्हा खिळा. अहो, मी चालायला आहे की पुजायला? इकडे त्याचा गुडघा आखडत चालला होता. शेवटी त्याची बायको सुभद्राबाई कडाडली, "हाऊ पाय भितले लायेल शे का तुमले?" भिंतीला की नवऱ्याला, सवाल रास्त होता.

मग मी उतरलो. धडपडत का होईना, भिकन चालू लागला. बसून बॉबिनवर सूत भरायचं काम मिळालं. मला फार बरं वाटलं.

पण स्वस्थ बसेल तर भिकन कसला! राहिलेला नवस यंदा फेडायचा म्हणून तो गल्लीत चालायचा सराव करू लागला. मी झिजू नये म्हणून मला बूट, आणि स्वतःचा जिवंत पाय अनवाणी! मी चिडून कुरकुर वाजायचो. त्याला वाटायचं, तेल हवंय.

एके सकाळी घरभर रक्ताचे ठसे उमटले. भिकनने आधी मला उचलून तपासलं. सुभद्राबाईने त्याचा उजवा तळवा उलटा केला. आत तारेचा तुकडा रुतला होता.

"दुखस नही ना," भिकन म्हणाला.

"दुखस नही, म्हनीसनच पहिला पाय गया!" तिचा आवाज फाटला. "आते दवाखानामा चला. तुमना नवस मी फेडसू. मन्हा पायले तरी दुखस."

भिकनने माझा बूट काढून बाजूला ठेवला आणि तिने पुढे केलेली चप्पल उजव्या पायात घातली.

मित्रांनो, तुमच्या घरी असा साखरेचा आजारी माणूस असेल, तर रोज त्याचे तळवे उलटून बघा. दुखतंय का, असं त्याला विचारत बसू नका. तो नाहीच म्हणेल. माझा रबराचा पंजा झिजला, तर धर्मेंद्रभाई नवा बसवतील. त्या उजव्या पायाच्या जागी मात्र मला माझा भाऊ बघायचा नाही.