शेपटीच्या वरचं अक्षर

योंदोनच्या घोड्यांच्या मांडीवर तीन पिढ्या तापल्या सळईने उमटवलेला एकच डाग होता. जुन्या उभ्या लिपीतलं 'न' अक्षर, पण शब्दाच्या शेवटी येतं तसं, उजवीकडे लांब शेपूट फेकलेलं. शेजारच्या गाल्सानचा डागही 'न'च. मात्र तो शब्दाच्या सुरुवातीचा, डावीकडे दात आणि ठिपका असलेला. दोघांचे कळप एकाच कुरणात चरत, आणि आजवर कधी गफलत झाली नव्हती.

यंदा सगळे डाग संगणकात चढवायचे होते. यादीत नसलेला डाग उमटवायला बंदी. लामाने शिंगरं डागायला उद्याचा दिवस काढून दिला होता आणि यादी आज दुपारी बंद होणार होती.

कचेरीतल्या सोयोलमाने 'न' दाबला. पडद्यावर दात आला, ठिपका आला.

"हा तर माझा!" मागून गाल्सान खिदळला. "योंदोन, तुझी अकरा शिंगरं आणून बांध माझ्या दावणीला. सांभाळीन की!"

"आधी बायकोची बकरी सांभाळ. तीही तुला शिंगावर घेते."

योंदोन बोलला खरा, पण त्याची नजर पडद्यावरच्या दातावरच होती. बाप गेला तेव्हा धाकटा म्हणून तंबू त्याला मिळाला, पण तो थोरल्याला गेला असता तरी चाललं असतं. त्याला खरी हवी होती ती सोबत आलेली ही डागायची सळई. ती आता अडगळीत टाकायची?

"आजोबा, संगणकाला दोन्ही एकच," सोयोलमा म्हणाली. "अक्षर एक, त्याचा आकडा एक. रूप तो जागा बघून ठरवतो. एकटं दिसलं की त्याला वाटतं, शब्द इथूनच सुरू झाला."

"मग चित्र काढ, पोरी."

"अक्षराच्या डागाला अक्षरच लागतं. चित्र घेत नाही तो."

तिने 'मोरिन' लिहिलं, म्हणजे घोडा. शब्द वरून खाली उतरला आणि तळाशी ऐटदार शेपूट आलं. योंदोनचा चेहरा उजळला. मग तिने वरची अक्षरं एकेक करून पुसली. त्यातलं शेवटचं पुसलं आणि 'न'चं शेपूट गेलं, दात परत.

"बघ, घोडा काढून घेतला तर शेपटी कशाला टिकेल?" गाल्सान म्हणाला.

योंदोन हसला नाही. त्रेसष्टाव्या वर्षी, शाळेच्या लहान बाकावर गुडघे दुमडून तो ही लिपी शिकला होता. शेपूट गिरवायची वेळ आली की मास्तरीणबाई अख्खा शब्द फळ्यावर लिहायच्या आणि वरचा भाग हाताने झाकायच्या.

"परत लिही," तो म्हणाला. तिने लिहिलं. योंदोनने आपला राकट अंगठा पडद्यावर ठेवला. खाली फक्त शेपूट उरलं. "पुसू नकोस. असं झाक. वर कुणीतरी आहे एवढं संगणकाला कळू दे, आम्हाला दिसलं नाही तरी चालेल."

सोयोलमा अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

"आहे हो, आजोबा! न दिसणारी खूण आहे एक, जोडणीची. शिकवली होती आम्हाला, मी कधी वापरलीच नाही!"

तिने एक कळ दाबली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मग 'न' दाबला, आणि लांब, उजवीकडे फेकलेलं शेपूट तिथे एकटंच उभं राहिलं.

"गेली माझी अकरा शिंगरं," गाल्सान उसासा टाकून म्हणाला आणि योंदोनच्या पाठीत त्याने एक सणसणीत थाप दिली. "उद्या सकाळी येतो. धरायला माणूस लागेल तुला."

दुसऱ्या दिवशी शेणीच्या विस्तवात सळई लाल झाली. सोयोलमाही आली होती, छापील दाखला घेऊन. रिवाजाप्रमाणे योंदोनने सळईवर दूध शिंपडलं. मग बोट बुडवून एक थेंब दाखल्यावर ठेवला, शेपटीच्या वरच्या रिकाम्या जागेत.

"आजोबा, कागद भिजेल!"

"भिजू दे. काम वरच्या त्या न दिसणाऱ्याने केलं आणि दूध काय नुसतं शेपटीला पाजू?"

गाल्सानने पहिलं शिंगरू धरलं. त्याने लगेच गाल्सानला लाथ मारली.